कर्करोगानंतरचे जेवण

कर्करोगावरील उपचार संपले म्हणजे रोग्याच्या हाती एक कागद येतो. गाठ केवढी होती, शस्त्रक्रिया कोणती झाली, किरणांची मात्रा किती दिली, केमोथेरपीच्या फेऱ्या किती झाल्या, पुढच्या तपासणीस केव्हा यावे, हे सारे त्यावर नीट लिहिलेले असते. आहाराच्या रकान्यात बहुधा तीनच शब्द असतात : ‘मऊ, पौष्टिक आहार’. घरी आल्यावर घरातली माणसे या तीन शब्दांचा अर्थ लावू लागतात, आणि तेथून जे प्रकरण सुरू होते त्याची वाच्यता फारशी कोठे होत नाही. माणूस वाचला आहे. गाठ गेली आहे. पुढ्यात वरणभात आहे, त्यावर तूप आहे, आणि तो घास त्याला लाकडाच्या भुश्शासारखा लागतो आहे.

‘जीव वाचला हे काय थोडे झाले? आता चवीचे काय घेऊन बसायचे?’ असे पुष्कळांना वाटते. रोग्यालाही तसेच वाटत असते, म्हणून तो बोलत नाही. हा संकोच आम्हांला मुळीच मान्य नाही. जेवणातला आनंद ही चैनीची बाब नव्हे. ज्याला ताटावर बसणे शिक्षेसारखे वाटते तो कमी खातो. कमी खाल्ले की वजन उतरते. वजन उतरले की जखमा उशिरा भरतात, अंगातले बळ जाते, आणि उपचारांनी जे मिळवले त्यातले बरेचसे हातचे निसटते. शिवाय असा माणूस चारचौघांत जेवायचे टाळू लागतो. लग्न, बारसे, सत्यनारायण, दिवाळीचा फराळ, यांतले काहीही आपल्याकडे पानाशिवाय पार पडत नाही. तेव्हा पानावरून उठलेला माणूस हळूहळू माणसांतूनच उठतो.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतातील पुरुषांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग ओठांचा व तोंडाचा आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे सर्वांना पाठ आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही पानपट्टीपाशी दोन मिनिटे उभे राहिल्यास कळते. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग म्हटला म्हणजे शस्त्र आणि किरण या दोहोंचा रोख नेमका त्या दारावर असतो, ज्या दाराने घास आत जावयाचा असतो. इतर अवयवांच्या कर्करोगातही केमोथेरपीमुळे चव बिघडते, पण तो बिघाड बहुधा लवकर निघतो.

आम्ही स्वतः या वाटेने गेलेलो आहोत. घशातल्या गाठीसाठी सात आठवडे किरणोपचार आणि त्याच्या जोडीला केमोथेरपी असा आमचा प्रवास झाला. तेव्हा येथे जे सांगावयाचे आहे त्यातले काही वाचलेले, काही डॉक्टरांना विचारून घेतलेले आणि काही स्वतःच्या जिभेवर मोजलेले आहे. तिन्ही प्रकार शक्य तेथे वेगवेगळे ठेवू.

आधी चव म्हणजे काय ते पाहू. आयुर्वेदाने सहा रस मानले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. (संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीने ही अदलाबदल केली आहे. कोणी कडवट बोलले की आपण त्यास ‘कटू’ म्हणतो.) आजचे शरीरशास्त्र पाच चवी मानते. गोड, आंबट, खारट, कडू या चार, आणि पाचवी जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या काढ्यातून शोधलेली ‘उमामी’. पिकल्या टोमॅटोचे सार, सुकट, अळंबी यांत जो एक भरीव, तोंड व्यापणारा गुण असतो तो हा. आपल्या यादीतले तिखट आणि तुरट या यादीत नाहीत. तुरटपणा हा स्पर्श आहे. सुपारीतले किंवा कच्च्या केळातले द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना गोठवते आणि जीभ खरखरीत होते. तिखट ही तर सरळ वेदनाच आहे. मिरचीतला दाहक पदार्थ ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतो, तोच ग्राहक चटका बसल्यावरही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ साली ओळखला आणि २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा याच कामासाठी होता. तिखट चवीच्या तंतूंनी नव्हे, वेदनेच्या तंतूंनी मेंदूत पोहोचते. हे ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडणार आहे.

परंतु आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग जिभेवर नसतोच. तो नाकात असतो. ज्याला शंका असेल त्याने नाक चिमटीत घट्ट धरून जिभेवर वेलदोड्याची पूड घालावी. काहीसे खरखरीत, किंचित कडवट असे काही तरी लागेल. मग चिमूट सोडावी. वेलदोडा तत्क्षणी प्रकट होतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि मेंदू जिभेची वार्ता व नाकाची वार्ता एकत्र करून ‘श्रीखंड’ असा निर्णय देतो. म्हणून ज्याची जीभ गेली आहे त्याचे नाक शाबूत असेल, तर बरेच काही शिल्लक आहे असे समजावे. पुष्कळ रोग्यांना हे कोणी सांगतच नाही.

आता ही जीभ जाते कशी? जिभेवरच्या स्वादकलिका म्हणजे एकदा बसवून दिलेली यंत्रे नव्हेत. त्यांतील पेशी सतत मरतात आणि नव्या येतात. बायडलर आणि स्मॉलमन या संशोधकांनी १९६५ साली उंदराच्या जिभेवर मोजणी करून एका पेशीचे आयुष्य सुमारे २५० तास, म्हणजे दहा दिवसांच्या आसपास, ठरवले. ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांनाच केमोथेरपी आणि किरण सर्वांत अधिक झोडपतात. कर्करोगाची पेशी कोणती आणि जिभेची बिचारी कोणती, हा भेद त्यांना पूर्णपणे करता येत नाही. किरणांनी जुनी स्वादपेशी लगेच मरत नाही. मागून नव्या पेशी पुरवणाऱ्या ज्या मातृपेशी असतात त्यांचे विभाजन थांबते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. जुन्या पेशी आपल्या वेळेला मरतात आणि जागा रिकामी राहते. म्हणूनच किरणोपचाराच्या पहिल्या आठवड्यात रोगी मजेत जेवतो, ‘लोक उगीच घाबरवतात’ असे म्हणतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी चहा नुसते गरम पाणी होऊन समोर येतो.

याच कारणाने आशेलाही जागा आहे. मातृपेशी सावरल्या की कलिका पुन्हा भरू लागतात. केमोथेरपी संपल्यावर बहुतेकांची चव काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परतते. तोंडावर किरण घेतलेल्यांची परतण्यास दोन महिन्यांपासून वर्षभर लागते, कधी अधिक, आणि काहींची पूर्ण परतत नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम गाळलेले नाही. ‘महिन्याभरात सगळे पूर्ववत होईल’ असे ज्याला सांगितले जाते तो दुसऱ्या महिन्यात खचतो. ‘वर्ष धरून चाला’ असे ज्याला सांगितले जाते तो तिसऱ्या महिन्यात मिठाची चव लागली की मोहरून जातो.

लाळेची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण आहे. निरोगी माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. पदार्थ तिच्यात विरघळल्यावाचून स्वादकलिकेपर्यंत पोहोचत नाही. कोरड्या जिभेवर साखरेचा कोरडा खडा ठेवला तर तो दगडच. कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथी किरणांना फार नाजूक असतात. पूर्वीच्या पद्धतीत त्या सरसकट भाजून निघत. अलीकडे किरणांचा झोत ग्रंथी वगळून वळवता येतो. इंग्लंडात या दोन पद्धतींची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ७४ टक्के रोग्यांचे तोंड वर्षानंतरही त्रासदायक कोरडे होते. ग्रंथी वाचवलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीच ‘लाळग्रंथी वाचवता येतील का?’ हे डॉक्टरांना विचारावे. गाठीच्या जागेमुळे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. पण विचारण्यात कमीपणा नाही.

कोरड्या तोंडाच्या माणसाने आपल्या जुन्या ताटाकडे नव्या नजरेने पाहावे लागते. भाकरी, पोळी, पाव, चिवडा, कोरडी उसळ, हे सारे आता वैरी. कढी, आमटी, ताक, सार, रस्सा, पेज, हे मित्र. महाराष्ट्रीय स्वयंपाकात पातळ पदार्थांची एवढी रेलचेल आहे की याबाबतीत आपण पाव-चीज खाणाऱ्या देशांहून भाग्यवान आहोत. दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, ताकभात, मऊ भातावर मेतकूट व तूप, नाचणीचे आंबील, घावन नारळाच्या रसात बुडवून : ही कोणी शोधून काढलेली पथ्ये नव्हेत, आपल्या आज्या बाळाला आणि दात गेलेल्या आजोबांना हेच देत आल्या. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. तोंड ओले राहावे म्हणून पुष्कळजण दिवसभर खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी चघळतात. लाळेचे संरक्षण गेलेल्या दातांना ती आयती कीड आहे. आणि किरण घेतलेल्या जबड्यातला दात काढावयाचा झाला, तर आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्यावाचून कोणत्याही दवाखान्यात काढू नये. तेथले हाड भरून येईलच असे नसते.

आता आम्हांला ज्याचे सर्वांत अधिक महत्त्व वाटते त्या गोष्टीकडे वळतो. समजा, मुलाच्या केमोथेरपीचा दिवस आहे. आई पहाटे उठते, पुरण शिजवते, पाट्यावर वाटते, आणि म्हणते, ‘अरे, आज त्रास व्हायचाच आहे, निदान आवडीचे पोटभर खाऊन जा.’ मुलगा आईचा शब्द मोडत नाही. दोन पोळ्या तुपाबरोबर खातो. रात्री उलट्या होतात. पुढे होळी येते, घरात पुरणाचा वास सुटतो आणि मुलाच्या पोटात ढवळते. आईला वाटते, हाताची चव गेली. मुलाला वाटते, आपण कृतघ्न झालो. दोघांपैकी कोणाचाच दोष नाही.

जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली हे उंदरांत दाखवले. सॅकरीनने गोड केलेले पाणी पिताना उंदरांवर किरण सोडले; पुढे ते उंदीर त्या गोड पाण्याला तोंड लावीनात. पाण्याने काही केले नव्हते, पण ज्या चवीनंतर पोट बिघडले ती चव विषारी, असे शरीराने टिपून ठेवले होते. रानातल्या प्राण्याला हा धडा जीवनदायी आहे. माणसातही तो तसाच चालतो, आणि आपल्याला कारण ठाऊक असले तरी चालतो, हे विशेष. आयलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ साली सिअॅटलमध्ये केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना औषधापूर्वी एका अनोळखी स्वादाचे आइस्क्रीम दिले. नंतर ती मुले ते टाळू लागली. पुढे १९८७ साली ब्रोबर्ग आणि बर्नस्टाइन यांनी आणखी एक युक्ती केली. मुलांनी जेवण केल्यावर, औषधापूर्वी, त्यांना विचित्र स्वादाची एक गोळी चघळायला दिली. दोष त्या गोळीच्या माथी बसला आणि नेहमीचे जेवण बरेचसे सुटले!

यातून घरात करण्यासारखे काय निघते ते स्पष्ट आहे. औषधाच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस रोग्याच्या आवडीचे पदार्थ घरात करूच नयेत. ज्यांच्यावर कोणाचा जीव नाही असे साधे, कमी वासाचे अन्न द्यावे. दहीभात, थंड पेज, उकडलेला बटाटा. फोडणीचा वास या दिवसांत फार छळतो. थंड पदार्थ वास कमी सोडतात, म्हणून ते निभतात. आणि बळीचा बकरा म्हणून एखादी परकी गोळी जवळ ठेवावी. पुरणपोळी, बिर्याणी, माशाचे कालवण, आमरस, जे काही त्या माणसाचे प्राणप्रिय असेल, ते पोट शांत होईपर्यंत कुलुपात. ही गोष्ट आधी ठाऊक नसल्याने कितीतरी आयांनी प्रेमापोटी आपल्याच हातचे पदार्थ मुलांच्या तोंडून काढून घेतले असतील. तिटकारा बसलाच असेल तर तो जबरदस्तीने जात नाही. काही महिने जाऊ द्यावेत, आणि मग तो पदार्थ वेगळ्या रूपात, चमचाभर, कोणी टक लावून पाहत नसताना, पुन्हापुन्हा समोर येऊ द्यावा.

टक लावून पाहण्याचा विषय निघालाच आहे, तर घरातल्या दुसऱ्या बाजूविषयी बोलू. ‘अहो, दोन घास तरी घ्या.’ ‘पुरे म्हटले ना!’ ‘सकाळपासून काही नाही पोटात.’ ‘मग तूच खा.’ असे संवाद या दुखण्याच्या प्रत्येक घरात होतात. आमच्याही घरी झाले. वाढणाऱ्याला प्रत्येक उरलेला घास म्हणजे मृत्यूकडे पडलेले पाऊल वाटते, आणि खाणाऱ्याला प्रत्येक आग्रह म्हणजे उलटतपासणी. आमच्या मते यावर एकच उपाय आहे : पोषण आणि आस्वाद ही दोन कामे काही काळ एकमेकांपासून तोडून टाकावीत.

पोषण हे औषध समजून घ्यावे. त्यात चवीची अपेक्षा ठेवू नये, म्हणजे निराशाही होत नाही. ठरल्या वेळी, लहान वाटीत, दिवसातून सहा वेळा. प्रत्येक वाटीत ऊब आणि बळ कोंबलेले असावे : पेजेत तूप, खिरीत दुधाची पूड, वरणात शिजवून घोटलेले अंडे किंवा पनीर, भाजीत बारीक वाटलेले शेंगदाण्याचे कूट. वाटी पुढे ठेवावी, एकदा विचारावे, आणि उरली तर काही न बोलता उचलावी. घास मोजू नयेत; वजन मोजावे, आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर. वजन सतत उतरत असेल तर भांडण न करता डॉक्टरांकडे जावे. नाकातून किंवा पोटातून काही दिवस नळीने अन्न द्यावे लागले तरी तो पराभव नव्हे. पोषणाचा भार नळीवर टाकल्यामुळे तोंडाला आस्वादासाठी सवड मिळते. नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तितके तोंडाने गिळत राहावे आणि गिळण्याचे व्यायाम चालू ठेवावेत. जे असे करतात ते पुढे नेहमीच्या जेवणावर लवकर येतात असा अनुभव नोंदला गेला आहे. न वापरलेला घसा गिळणे विसरतो.

आस्वादाला वेगळी वेळ द्यावी. सकाळी दहा-अकराची, मन ताजे असतानाची. त्यासाठी आपल्या पानाची डावी बाजू ही उत्तम शाळा आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर : पोट भरण्याचा हेतूच नसलेले, बोटभर चाटण्याचे पदार्थ आपल्या पूर्वजांनी एका ओळीत मांडून ठेवले आहेत. तोंडाची आग शमल्यानंतर प्रथम खळखळून चूळ भरावी. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घातलेले पाणी त्यास चांगले. ते थुंकून टाकावे. मग बोटाच्या टोकावर एकेक चव घ्यावी, थांबावे, आणि काय जाणवले ते वहीत लिहावे. काहीच जाणवले नाही तर तेही लिहावे. येथे पास-नापास नाही आणि काही गिळलेच पाहिजे असेही नाही.

आमच्या वहीप्रमाणे मीठ प्रथम आले, दहाव्या आठवड्यात. आंबट आले ते चव म्हणून नव्हे, झोंबणे म्हणून. त्याची चव नंतर सुटी झाली. कडू लवकर आले आणि नको इतके आले. मेथीची भाजी आम्ही वर्षभर चाखली नाही. गोड सर्वांत उशिरा. पण पहिला खरा आनंद यांपैकी कशानेच दिला नाही. चौथ्या महिन्यात ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड होती, आणि ती नाकाने ओळखली. जीभ अजून अर्धीमुर्धी होती. जिरे मात्र पूर्ण होते. ज्याचा त्याचा क्रम वेगळा असतो, म्हणून आमच्या क्रमावर कोणी विसंबू नये.

नाकालाही शिकवता येते. जर्मनीत ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी २००९ साली वास गेलेल्या रोग्यांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगायला लावले. त्यांची घ्राणशक्ती न हुंगणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. हे रोगी कर्करोगाचे नव्हते, हे सांगितले पाहिजे. तथापि चारही वस्तू आपल्या घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि हुंगण्याने अपाय नाही. याउलट चव परतावी म्हणून जस्ताच्या गोळ्या घेण्याची जी टूम आहे तिला आधार तोकडा आहे. डोक्या-मानेवर किरण घेणाऱ्या रोग्यांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत त्या गोळ्यांनी चवीचा बिघाड टळला नाही.

तोंडात धातूची चव येते अशी तक्रार केमोथेरपीत नेहमीची आहे. स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा चिनी मातीचा वापरल्यास काहींना बरे वाटते. ताटाऐवजी केळीचे पान तर सणाचे वाटेल. त्या चवीला लिंबू आणि गूळ यांची जोडी दाबते. चिंचगुळाची आमटी ही मुळी एका चवीने दुसरीला आवरण्याचीच कला आहे : फार गोड लागले तर कोकम, फार आंबट लागले तर गूळ, सपक लागले तर मीठ व ओले खोबरे. रोग्याची जीभ बदललेली आहे, तेव्हा स्वयंपाकघरातल्या जिभेने चाखून पदार्थ ठरवू नये. त्याच्याजवळ तीन वाट्या ठेवाव्यात, त्याने आपल्यापुरते मिसळावे. ज्याच्या हातातून महिनोन्महिने सगळे काढून घेतले गेले, त्याच्या हातात निदान मिठाचा चमचा तरी परत जातो.

इतर काही गोष्टी थोडक्यात. तोंड किती उघडते ते पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावत नसतील तर जबडा आखडत आहे, आणि त्याचे व्यायाम लवकर सुरू करणे जरूर आहे. पाणी पिताना ठसका लागतो पण पेज नीट उतरते असे होत असेल, किंवा जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याचा संभव आहे; गिळण्याच्या तज्ज्ञास दाखवावे, ताप आला तर त्याच दिवशी. जठर काढलेल्यांचा प्रश्न चवीचा नसून जागेचा आहे : थोडे थोडे, सावकाश, पाणी जेवणाबरोबर न घेता मागाहून, शिरा-लाडूसारखे गोड एकदम घेतल्यास घाम सुटून छाती धडधडते. त्यांना ब-१२ जीवनसत्त्व इंजेक्शनाने किंवा डॉक्टर सांगतील तसे जन्मभर घ्यावे लागते. आणि ‘साखरेने कर्करोग पोसतो’ म्हणून हाडे दिसू लागलेल्या माणसाच्या पुढ्यातली खीर काढून घेणारे जे शेजारी असतात, त्यांना चहा द्यावा आणि निरोप द्यावा. शरीरातली प्रत्येक पेशी, निरोगीसुद्धा, शर्करेवर जगते. मधुमेह असेल तर गोष्ट निराळी.

पंगतीविषयी एक शब्द. आपल्याकडे पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. ज्याला एका वाटीला पाऊण तास लागतो त्याची तेथे कुचंबणा होते. घरातून थोडे खाऊन निघावे, पंगतीत पान घ्यावे, ताक किंवा मठ्ठा मागून घ्यावा आणि बोलत बसावे. यजमानाला आदल्या दिवशी कळवले तर तो पातळ वरणाची सोय आनंदाने करतो. आपल्या लोकांत हा गुण अजून आहे. आग्रह करकरून वाढणाऱ्याला आवरण्याचे काम मात्र रोग्याने करू नये, शेजारी बसलेल्या घरच्या माणसाने करावे.

राहता राहिले तिखट. ते वेदनेच्या मार्गाने येते हे आपण पाहिले. म्हणूनच चव परतली तरी किरणांनी पातळ झालेली त्वचा मिरची सहन करीत नाही, आणि कोल्हापूरकडचा किंवा खानदेशातला माणूस ‘जेवण जमले, पण जेवल्यासारखे वाटत नाही’ म्हणतो. त्याने घाई करू नये. तोंडाला फोड नसताना प्रथम आले, ताकात किसून गाळलेले. मग मिऱ्याची पूड, तुपातून. दाहक द्रव्य तुपात विरघळते, म्हणून तूप-दुधातून ते सौम्य होते आणि पाण्याने उलट तोंडभर पसरते. त्यानंतर आमटीत अख्खी लाल मिरची फोडणीला टाकून वाढण्यापूर्वी काढून घ्यावी, म्हणजे वास येतो आणि जाळ राहत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा सर्वांत शेवटी. आमच्या वहीत त्याची नोंद एकविसाव्या महिन्यात आहे : तांदळाच्या दाण्याएवढा, दह्यात कालवून, मऊ भाताबरोबर.